आक्काच्या गाडीचा उंबरठा

माझी थोरली बहीण स्वतःची बढाई कधी मारत नाही, म्हणून ते काम माझ्याकडे आलं आहे. मला ते जमतं. तीस वर्षं लातुरात अकरावी-बारावीच्या पोरांना रसायनशास्त्र शिकवलं, घसा बसेपर्यंत बोलणं हा माझा धंदाच होता. तर ऐका. भोकर तालुक्यातल्या एका खेड्यात एक पांढरी गाडी आहे. तिला पंधरा वर्षं झाली. ती माझ्या आक्काची. तिच्याबरोबर, त्याच पाडव्याला, नांदेडच्या त्याच शोरूममधून घेतलेली लाल गाडी माझी होती. 'होती' म्हणते, यातच सगळं आलं.

आमचं माहेर बिलोली तालुक्यात. आम्ही दोघी बहिणीच. आक्का दहावीपर्यंत शिकली, मग लग्न होऊन भोकरकडे गेली आणि शेतीत पडली. मी शिकत राहिले आणि नोकरीसाठी लातूरला आले ती तिथलीच झाले. लग्न केलं नाही, गाडी मात्र केली. तुमच्यात शिकलेली कोण, असं कुणी विचारलं की सगळे माझ्याकडे बोट दाखवायचे, आणि सगळ्यांच्या आधी आक्का दाखवायची. मला त्याची सवय लागली होती आणि ती काही चांगली सवय नव्हती.

आक्का गाडी शिकली तेव्हा तिला एकोणपन्नासावं सरत होतं. दाजींची, म्हणजे तिच्या नवऱ्याची, नजर अधू. त्यांनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, "मी बाजूला बसतो. तू हाण." पंधरा वर्षं ते बाजूलाच बसले आहेत, काच खाली करून, येणाऱ्याजाणाऱ्याला रामराम घालत. आक्का नऊवारी साडी खोचून, उशी पाठीला लावून, ट्रॅक्टरच्या सवयीनं स्टिअरिंग दोन्ही हातांनी गच्च धरते. वेगात चालवत नाही. पण त्या गावातल्या किती बाया तिच्या मागच्या सीटवरून नांदेडच्या दवाखान्यात वेळेवर पोचल्या, किती पोरी दहावीच्या परीक्षेला भोकरच्या केंद्रावर पोचल्या, याची नोंद कुणी ठेवली नाही. सकाळी शेतावर जाताना डिकीत खताची पोती, येताना मागच्या सीटवर कोथिंबिरीच्या जुड्या आणि कुणाची तरी म्हातारी. गावातली माणसं गरज पडली की नुसतं म्हणतात, "आक्काला सांगा." गाडीला सांगा, असाच त्याचा अर्थ.

आता गंजाकडे येते, कारण सगळी गोष्ट त्यावरच आहे.

गाडीत बसताना दार उघडून आपण जी जाड पट्टी ओलांडतो, तिला मी गाडीचा उंबरठा म्हणते. वरून तो भरीव वाटतो, पण आतून पोकळ असतो. पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंत गेलेली पत्र्याची लांब पेटीच ती. दारंही खालून तशीच पोकळ. गाडीचं वजन या पोकळ पेट्या तोलतात, आणि नेमक्या याच जागा कुणाच्या नजरेस पडत नाहीत. पेटीच्या बुडाला करंगळी जाईल न जाईल अशी भोकं असतात. आत आलेलं पाणी तिथून गळून जावं, एवढ्याचसाठी.

हे 'एवढ्याचसाठी' मला फार उशिरा कळलं.

गाडी घेऊन दुसरं वर्ष चालू होतं. लातुरात धुवायला लावलेली गाडी लिफ्टवर चढली होती आणि मी खाली उभी राहून तिचं पोट बघत होते. ती भोकं दिसली. मला वाटलं, कंपनीनं आळस केला. गंज चढायला लोखंड, पाणी आणि हवा अशी तिन्ही लागतात, हे मी दरवर्षी फळ्यावर लिहायचे आणि पोरांकडून तीनदा म्हणवून घ्यायचे. मग भोकं बंद केली तर पाणीही आत जाणार नाही आणि हवाही नाही. शिवाय आमच्याकडची काळ्या मातीची धूळ, डाळमिलच्या बाजूनं उडणारा भुसा आणि भुसा आला की येणारे उंदीर, सगळ्यांचाच बंदोबस्त. नळ गळायला लागला की लावतात तो दोन पुड्यांचा मसाला आणला, पोळीच्या कणकेसारखा मळला आणि एका रविवारी चटईवर आडवं होऊन एकेक भोक बुजवलं. हे काम मी कुणा मेस्त्रीला दिलं नाही. त्याला शास्त्र कुठं कळतं?

अडाणी माणूस ही चूक करणार नाही. तो भोक बघून म्हणेल, असेल कशाला तरी. ही चूक करायला माझ्याएवढं शिक्षण लागतं.

बरं, शहाणपण आपल्यापुरतं ठेवावं, तर तेही नाही. त्याच मसाल्याच्या चार पुड्या मी आक्काला नेऊन दिल्या आणि माजघरात बसून तिला पंधरा मिनिटं व्याख्यान दिलं. आक्का शेंगा फोडत ऐकत होती. शेवटी म्हणाली, "तू म्हणतीस तर बुजिवते की." माझा जीव सुखावला.

त्याच वर्षीच्या दसऱ्यापासून आक्काकडून मला एक बाटली येऊ लागली. जवसाचं तेल. तिच्या रानात हरभऱ्याच्या कडेनं जवसाचे दोन पट्टे असतात. ते जवस ती भोकरच्या घाण्यावर गाळून आणते. बाटली कधी एसटीच्या कंडक्टरबरोबर यायची, कधी लातूरला क्लासला आलेल्या गावातल्या एखाद्या मुलीच्या वडिलांबरोबर, आणि मागोमाग फोन.

"छोटे, तेल मिळालं का? गाडीला घाल. पोकळ जागंत सोड."

"आक्का, गाडीला कुणी जवसाचं तेल घालतं का? धूळ चिकटेल नुसती."

"तुझं बी खरं आसंल. पण घाल."

मी घातलं नाही. बाटली वाया कशी घालवायची म्हणून ते तेल कोमट करून गुडघ्यांना चोळलं. फळ्यापुढं उभं राहून गुडघे धरायचे, त्यांना आराम पडला. दरवर्षी बाटली आली, दरवर्षी गुडघ्यांना लागली. आक्कानं विचारलं की मी "हो हो" म्हणायचे.

मागच्या वर्षी भाद्रपदात मी लातूरहून आक्काकडे निघाले होते. लोहा गावाच्या अलीकडे मागचं डावं चाक बसलं. नशिबानं समोरच पंक्चरचं दुकान होतं. दुकानदारानं गाडीतलाच जॅक काढला, उंबरठ्याखाली जिथं लावायचा असतो तिथं लावला आणि दांडा फिरवायला लागला. मी सावलीत उभी राहून फोनवर आक्काला सांगत होते की अर्धा तास उशीर होईल. तेवढ्यात तळलेला पापड मुठीत चुरावा तसा आवाज आला. दुकानदार उठून उभा राहिला, त्यानं माझ्याकडे बघितलं आणि अगदी हळू आवाजात म्हणाला, "मॅडम, गाडी वर जाईना. जॅकच आत चाललाय."

मी वाकून बघितलं. लाल रंग जागच्या जागी चकचकीत होता. त्याच्या आतून तपकिरी पोपडे आणि ओला चिखल खाली सांडत होता. भाद्रपदातला म्हणू नका, तो कितीतरी पावसाळ्यांचा चिखल होता.

गाडी दुसऱ्या गाडीवर चढवून लातूरला परत नेली. आमच्या ओळखीच्या डेंटरनं दोन्ही उंबरठे हातोडीनं ठोकून बघितले, मग हातोडी खाली ठेवून नुसत्या बोटानं दाबले. बोट आत गेलं. "वेल्डिंग कशाला धरू, मॅडम? धरायला पत्राच राहिला न्हाई," तो म्हणाला. मग बुडाशी बघून त्यानं विचारलं, "ही भोकं कोणी बुजिवली हो? पाणी वरून काचंच्या रबरातून, दारातून येतच आसतंय. जायला वाटच ठेवली न्हाई."

"एका अडाण्यानं," मी म्हणाले.

लाल गाडी भंगारात गेली. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, ही म्हण मी वर्गात कितीदा वापरली असेल. माझा पाषाण तर कोरडाही नव्हता.

इथवर माझं दुःख माझ्यापुरतं होतं. पण मी ते पुण्याला भाच्याला फोनवर सांगितलं, तेही रंगवून, पापडाच्या आवाजासकट. भाचा म्हणजे आक्काचा एकुलता एक मुलगा. मायाळू आहे आणि तितकाच हट्टी. त्याला बरेच दिवस आईच्या गाडी चालवण्याची काळजी होती. आईचं चौसष्टावं चालू, रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या, पावसाळ्यात ओढ्याला पाणी. त्याला हवं होतं ते कारण मी आयतं हातात दिलं.

"मावशी, तुझी आणि आईची गाडी एकाच दिवशी घेतलेली ना?"

"हो."

"मग तुझी आतून सडली तर आईची कशी शाबूत राहील? आईची तर शेतात जाते, चिखलात, खतात."

त्यानं लगेच आईला फोन लावला. दिवाळीला येतो, तुझ्या गाडीला चारी बाजूंनी जॅक लावून बघतो. गाडी उचलली गेली तर आरटीओत पंधरा वर्षांचं पासिंग करून घे आणि चालव, मी पुन्हा तोंड उघडणार नाही. एका जागी जरी पत्रा दबला तर चावी माझ्याकडे, गाडी भंगारात, आणि दुसरी गाडी मिळणार नाही. आक्का म्हणाली, "हाव. लाव जॅक."

हे मला आक्कानंच सांगितलं, नेहमीच्या आवाजात. फोन ठेवला आणि मग माझ्या ध्यानात आलं. त्या पांढऱ्या गाडीची भोकंही बुजलेली असणार. मीच तर सांगितलं होतं बुजवायला. आक्काची गाडी गेली तर ती गंजानं जाणार नव्हती, माझ्या व्याख्यानानं जाणार होती. आक्काला दारात बसून दुसऱ्याच्या गाडीची वाट बघताना मी डोळ्यांसमोर आणून बघितलं, आणि मला ते बघवेना.

खंडेनवमीला मी एसटीनं भोकर गाठलं. आमच्याकडे त्या दिवशी घरातलं सगळं लोखंड पूजतात. विळे, खुरपी, कुऱ्हाड, नांगराचा फाळ, अलीकडे ट्रॅक्टर आणि गाडीही. पोचले तेव्हा आक्काच्या अंगणात सगळी अवजारं धुऊन ओळीनं मांडलेली होती. पांढऱ्या गाडीची चारी दारं उघडी होती आणि आक्का पदर खोचून उंबरठ्याशी उकिडवी बसली होती. तिच्या पाठीवर फवारणीचा पंप होता.

मी पिशवी खाली ठेवली आणि पाणीसुद्धा न पिता बोलून टाकलं. "आक्का, माझं चुकलं. ती भोकं बुजवायला नको होती. माझी गाडी त्यानंच गेली. तुझीही..."

"थांब गं," आक्का म्हणाली. "ही बाजू होऊ दे."

आणि मी पंधरा वर्षांत पहिल्यांदा बघितलं की आक्का दर खंडेनवमीला काय करते.

तो पंप जुना, औषध फवारायचं बंद करून धुऊन ठेवलेला. त्यावर दाजींनी ब्रशनं 'तेल' असं मोठं लिहिलेलं. तोटी काढून तिथं ठिबकची बारीक नळी बसवलेली. नळीचं टोक मेणबत्तीवर धरून बंद केलेलं आणि त्याच्या जरा मागं तापलेल्या सुईनं चारी अंगांनी भोकं पाडलेली, म्हणजे तेल सरळ न जाता आतल्या सगळ्या भिंतींवर उडावं. जवसाचं तेल सकाळपासून उन्हात ठेवून पातळ झालेलं, त्यात चमचाभर डिझेल. आक्कानं उंबरठ्यावरची प्लास्टिकची पट्टी उचकटली, खालचं रबरी बूच काढलं आणि नळी आत सारली. हातभर, दोन हात, अडीच हात. मग डाव्या हातानं पंप मारत नळी हळूहळू मागं ओढायला लागली. बोटभर ओढायची, थांबायची, पुन्हा बोटभर. चेहरा असा, की आत काय चाललंय ते तिला दिसत होतं.

गाडीखाली जुनी वर्तमानपत्रं पसरलेली होती. दाजी बाजेवर बसून तिकडे कान लावून होते. थोड्या वेळानं कागदावर टप् असा आवाज झाला, मग दुसरा, मग तिसरा.

"पडला," दाजी म्हणाले. "मागचा बी पडला."

"थेंब पडला की समजायचं, तेल शेवटपोत पोचलं," आक्का मला म्हणाली. "आन भोक बी मोकळं हाय."

मी खाली वाकून बघितलं. माझा मसाला कुठंच नव्हता.

"तू बुजवलीच नाहीस?"

आक्कानं पंप उतरवला, बूच बसवलं आणि मग सांगितलं. बुजवली होती. शिकलेली बहीण सांगते म्हटल्यावर तिनं सगळी भोकं बुजवली. त्या वर्षी पावसाळा गेला, खंडेनवमी आली, आणि तिनं पहिल्यांदाच गाडीत तेल सोडायचं ठरवलं. ते तिला सुचलं कारण आमचे बाबा तेच करायचे. लोखंडी तिफणीच्या नळ्या, कुऱ्हाडीचा दांडा बसतो ती खोबण, पंपाचा गळा, सगळ्यांत तेल सोडल्याशिवाय ते अवजार माळ्यावर टाकायचे नाहीत. "लोखंड वरून न्हाई मरत, आतून मरतं. जिथं हात पोचत न्हाई तिथं आधी तेल," हे त्यांचं बोलणं. ते मीही ऐकलं होतं. पण तेव्हा मी पुस्तक घेऊन बसलेले असायचे.

"मी तेल सोडलं," आक्का म्हणाली, "आन खाली थेंबच पडंना. मला वाटलं, गेलं कुठं तेल? मंग दाभणानं तुझा मसाला खरवडला. तांब्याभर पाणी पडलं बघ, काळं, वास मारत. मंग सगळीच भोकं मोकळी केली."

"मग मला का नाही सांगितलंस?"

आक्का अवजारांना हळदकुंकू लावत होती. तिनं मान वर केली नाही. "कसं सांगू? तू एवढी शिकलेली. माझ्या तोंडून बरं दिसलं आसतं का? म्हणून तेल धाडत गेले. म्हणलं, तेल सोडलं की तुझं तुलाच कळंल, थेंब पडत न्हाई ते."

मला रडू आलं आणि रागही आला, तिचाही आणि माझाही. चौदा बाटल्या. प्रत्येक बाटली म्हणजे तिनं माझी अब्रू राखून मला दिलेली सूचना होती, आणि मी ती गुडघ्यांना चोळत बसले. वर आणखी एक गोष्ट सांगते, लाज वाटली तरी. जवसाचं तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन वाळतं आणि त्याचा चिवट थर बनतो, म्हणून ते रंगात घालतात, हे मला माहीत होतं. मी ते शिकवलं होतं. आक्कानं ते कुठं वाचलेलं नव्हतं, पण तिच्या पंपात तेच होतं.

मी तेल गुडघ्यांना लावल्याचं सांगून टाकलं. दाजी इतके हसले की त्यांना ठसका लागला. आक्काही हसली आणि मग तिनं गाडीच्या उंबरठ्यावर हात फिरवला.

"फिकर एकच हाय," ती म्हणाली. "तो एक पावसाळा पाणी आत होतं. त्या चार महिन्यांत किती खाल्लं आसंल, ते मला बी ठाव न्हाई. दिसत तर न्हाई."

म्हणजे माझं व्याख्यान अजून त्या गाडीच्या पोटात होतं.

दिवाळीला भाचा आला. पुण्याहून आपली नवी करडी गाडी घेऊन, आईसाठी साडी आणि माझ्यासाठी गुडघ्याचा पट्टा घेऊन. भाऊबीजेच्या सकाळी फराळ झाला आणि त्यानं पांढऱ्या गाडीची चावी खुंटीवरून काढून स्वतःच्या खिशात टाकली. आक्कानं ते बघितलं. तिनं चहाचा कप न पिताच खाली ठेवला. मी त्या क्षणी भाच्याला दोन थपडा दिल्या असत्या.

अंगणात बातमी फुटलेलीच होती. शेजारच्या दोन-तीन बाया कुंपणाशी येऊन उभ्या राहिल्या. त्यातल्या एकीला आक्कानं तिच्या दोन्ही बाळंतपणांना नांदेडला नेलं होतं. ती भाच्याला म्हणाली, "सांभाळून लाव रे बाबा." आपल्याच घरच्या गाडीला जॅक लावायचा, त्यात सांभाळायचं ते काय, असा चेहरा करून भाचा खाली बसला.

पहिला जॅक मागच्या डाव्या कोपऱ्याला. माझी गाडी ज्या जागी गेली तीच जागा. तो दांडा फिरवायला लागला. स्प्रिंग सैल झाली, गाडी जरा कलली. आणि कट्टकन आवाज झाला.

मी डोळे मिटले. खरंच सांगते, मला लोह्याचा तो पापड ऐकू आला.

"काय न्हाई, चिखलाचा पोपडा पडला," आक्का म्हणाली.

मी डोळे उघडले तेव्हा चाक जमिनीवरून सुटलेलं होतं. भाच्यानं ते हातानं फिरवलं, ते गरागरा फिरलं. त्यानं जॅकचं डोकं टेकलेली जागा अंगठ्यानं चाचपली. मग पुढचा डावा कोपरा घेतला, मग उजवीकडचे दोन्ही. चारी वेळा गाडी उचलली गेली. चौथ्या वेळी दाजी बाजेवरून म्हणाले, "आता छताला लाव." बाया हसल्या.

पण पोरगा आक्काचाच. एवढ्यावर सोडतो कसा? अंगावर जुना शर्ट चढवून तो गाडीखाली शिरला. मोबाइलचा उजेड लावून, स्क्रूड्रायव्हरच्या टोकानं उंबरठ्याची इंच इंच जागा दाबून बघितली. मग वरून बूच काढून आत बोट घातलं आणि ते उजेडात धरलं. बोटाला मधासारखा चिकट पिवळसर थर लागला होता. त्याखाली पत्र्याचा मूळ रंग शाबूत. एका जागी, अगदी मागं, तांबूस डाग सापडला, खरखरीत. तो त्यानं स्क्रूड्रायव्हरनं खरवडला. डाग वरवरचा निघाला. त्याच्यावरही तेल बसलेलं होतं आणि तो तिथंच थांबलेला होता. चार महिन्यांचं माझं कर्तृत्व, आणि त्याच्यावर चौदा वर्षांची आक्का.

तो बाहेर आला, बोट नाकाशी नेलं. "आई, चटणीचा वास येतोय."

"जवसाचा हाय. येणारच."

त्यानं खिशातून चावी काढली आणि आईच्या तळहातावर ठेवली. वाकून पाया पडला, ते सणापुरतं पडणं नव्हतं. आक्कानं चावी कमरेला खोचली आणि कुंपणाकडे बघून म्हणाली, "कोणाला भोकरला यायचंय का? मी चाललेच." ही माझी बहीण आहे, दहावी पास, हे मला त्या बायांना ओरडून सांगायचं होतं. त्यांना ते माझ्याआधीपासून माहीत होतं, एवढाच घोटाळा.

आक्का भोकरहून परत आली तेव्हा भाच्याची करडी गाडी लिंबाखाली होती. तिची चारी दारं उघडी होती, खाली वर्तमानपत्रं पसरलेली होती, आणि भाचा प्लास्टिकची पट्टी उचकटायचा प्रयत्न करत होता. "आई," तो इकडेतिकडे बघत म्हणाला, "थोडं तेल उरलंय का?"

"लई हाय. पण तुला न्हाई जमायचं, तुझा हात जड हाय," आक्का म्हणाली. तिनं 'तेल' लिहिलेला पंप आणला, भरला, आणि माझ्यापुढं धरला. "छोटे, तू घाल."

मी पंप पाठीवर घेतला आणि उंबरठ्याशी बसले. नळी आत सारली, हातभर, दोन हात, अडीच हात, आणि बोटबोट मागं ओढायला लागले. बराच वेळ काही झालं नाही. दाजी कान लावून होते, भाचा कागदाशी वाकून बसला होता, आक्का नुसती उभी होती. मग खाली कागदावर टप् झालं.

"पडला," आक्का म्हणाली, आणि बिलोलीच्या आमच्या शाळेत मी पहिली आल्यावर तिच्या चेहऱ्यावर जे हसू यायचं, तेच हसू मला पुन्हा बघायला मिळालं.

चारी दारं होईपर्यंत मी तशीच उकिडवी बसून होते, मध्ये एकदाही उठले नाही. गुडघे कुरकुरले नाहीत. चौदा वर्षं तेल त्यांनाच तर मिळालं होतं.